डाळिंबाला भोक पाडलं कुणी?
वाचकांचे प्रश्न : फुलपाखरू आणि पतंग

श्रावण लागला की या सदराच्या टपालात पंखवाल्यांची गर्दी होते. या वेळचे पाचही प्रश्न सोलापूर जिल्ह्यातले आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण त्यात पैसा अडकलेला आहे.

प्रश्न : दीड एकर भगवा जातीचं डाळिंब आहे. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना फुललेली फळं तोडणीला आली आहेत. काही फळांना हरभऱ्याएवढं गोल भोक पडलंय आणि त्यातून काळपट घाण बाहेर आलेली दिसते. काहींवर मात्र टाचणी टोचल्यासारखी बारीक खूण आहे, भोवतीची साल तपकिरी, आणि दाबलं की रस येतो. दुकानात विचारलं तर दोन्हीला ‘अळीच’ म्हणाले आणि एकच औषध दिलं. फवारून आठ दिवस झाले, फरक नाही. आता प्रकाश सापळा लावावा का?
— एक बागायतदार, सांगोला तालुका

उत्तर : फरक पडणार नव्हताच. हरभऱ्याएवढं भोक असलेल्या फळात अळी होती किंवा अजून आहे, आणि बहुतेक करून ती फुलपाखराची आहे. टाचणीची खूण असलेल्या फळात अळी कधी गेलीच नाही. तिथं रात्री एक पतंग बाहेरून बसला, सोंड खुपसून रस प्यायला आणि उडून गेला. पहिल्याचं पिल्लू नुकसान करतं आणि मोठं झालेलं फुलपाखरू निरुपद्रवी असतं. दुसऱ्याचं नेमकं उलट आहे. त्याची अळी तुमच्या डाळिंबाला तोंडसुद्धा लावत नाही, नुकसान करतो तो वयात आलेला पतंग. त्यामुळे दोघांना एकच औषध लागू पडत नाही.

आधी फुलपाखरू. याला आपल्याकडे ‘सुरसा’ म्हणतात, शास्त्रीय नाव ड्युडोरिक्स आयसोक्रेटस. जुन्या पुस्तकांत विराकोला आयसोक्रेटस असं सापडेल, कीड तीच. पंख पसरून जेमतेम चार-साडेचार सेंटीमीटर. नर वरून चकचकीत निळसर जांभळा, मादी तपकिरी जांभळी आणि तिच्या पुढच्या पंखावर नारिंगी डाग. मागच्या पंखाला दोऱ्यासारखी बारीक शेपटी आणि तिच्या मुळाशी काळा ठिपका असतो. दिवसा उडतं, बसलं की पंख पाठीवर मिटून घेतं. मिटलेल्या पंखांची बाहेरची बाजू राखाडी, म्हणून बागेत असूनही नजरेत भरत नाही.

मादी फुलाच्या पाकळीखालच्या मुकुटावर आणि कोवळ्या फळावर एकेक सुटं अंडं घालते. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं, पांढरट. सात ते दहा दिवसांत अळी निघते आणि लगेच साल पोखरून आत जाते. ते पहिलं भोक इतकं बारीक असतं की फळ वाढताना नजरेआड होतं. तुम्हाला आज दिसणारं मोठं भोक नंतरचं आहे. आत अळी दाणे खाते. पूर्ण वाढलेली अळी दोन सेंटीमीटरच्या आतबाहेर, आखूड, जाड, गडद तपकिरी, अंगावर पांढरट चट्टे आणि आखूड केस. अळीची अवस्था तीन आठवड्यांपासून दीड महिन्यापर्यंत लांबते. भोकातून बाहेर लोटलेली विष्ठा तोंडाशी चिकटून राहते, आत बुरशी आणि जिवाणू शिरतात, म्हणून अशा फळाला घाण वास येतो. कोष फळातच किंवा देठाजवळ होतो. त्याआधी अळी बाहेर येऊन रेशमी धाग्याने देठ फांदीला बांधून ठेवते. सडलेलं फळ झाडाला तसंच लटकत राहतं त्याचं हेही एक कारण.

आता पतंग. युडोसिमा मटेर्ना आणि युडोसिमा फॅलोनिया या दोन जाती आपल्याकडे मुख्य आहेत. दुसरीचं जुनं नाव ऑथ्रिस फुलोनिया. कृषी खात्याच्या पत्रकात ‘फळातील रस शोषणारा पतंग’ म्हणून जो येतो तो हाच. मोसंबीवाल्यांना तर तो पाठच असतो. चांगला थोराड, पंख पसरून आठ ते दहा सेंटीमीटर. पुढचे पंख वाळक्या पानाच्या रंगाचे, मागचे झेंडूसारखे नारिंगी पिवळे. मटेर्नाच्या मागच्या पंखावर मध्यभागी गोल काळा ठिपका असतो, फॅलोनियाच्या तिथे स्वल्पविरामासारखा वळलेला काळा पट्टा. बसल्यावर मागचे पंख झाकले जातात, त्यामुळे दिवसा पाचोळ्यात हात घालाल तरी दिसणार नाही.

सगळी करामत सोंडेत आहे. बहुतेक फुलपाखरांची सोंड मऊ नळीसारखी असते, उघड्या द्रवापलीकडे तिला काही जमत नाही. या पतंगाची सोंड दोन-अडीच सेंटीमीटर लांब, टोकाला टणक आणि काटेरी. ती मागेपुढे हलवत तो डाळिंबाची चामड्यासारखी साल भेदतो. जखम टाचणीएवढीच, पण तिच्यातून बुरशी आत जाते, भोवतीचा भाग मऊ आणि तपकिरी होतो आणि फळ थोड्याच दिवसांत गळतं. एकदा भोक पडलं की ज्यांना स्वतःला साल फोडता येत नाही असे इतर पतंगही त्याच भोकातून पिऊ लागतात. एरंडीवरच्या उंटअळीचा पतंग त्यातलाच. दिवसा सडक्या फळावर बसलेली फुलपाखरंही तयार मेजवानीलाच आलेली असतात, त्यांना मारत बसू नका.

ओळख पक्की करायची तर दहा-बारा फळं कापून बघा. आत पोकळ, काळे पडलेले दाणे आणि विष्ठा दिसली तर अळी. दाणे जागच्या जागी, पण टोचलेल्या जागेखालचे रंग उडालेले आणि पिचलेले असतील तर पतंग. कापताना दोन गफलती होतात. एक म्हणजे आत सापडलेली अळी सडपातळ, गुलाबीसर, काळसर डोक्याची असेल आणि विष्ठा जाळ्याने बांधलेली असेल, तर ती सुरसा नाही. एरंडीची बोंडं पोखरणारी अळी डाळिंबातही शिरते आणि ती मात्र पतंगाची असते, पिवळा, अंगभर काळे ठिपके असलेला. बांधावर एरंडी असेल तर तिची बोंडंही तपासा. दुसरी गफलत तेल्याची, म्हणजे डाळिंबावरच्या जिवाणूजन्य रोगाची. तेल्याचा डाग तेलकट काळपट असतो आणि पुढे तिथे साल तडकते. टोचलेली खूण नसते, दाबून रसही येत नाही.

फवारणी का फसली ते आता सांगतो. सुरसाची अळी फळात बंद आहे, तिथे औषध पोचत नाही. पतंग तुमच्या बागेत राहतच नाही. अंधार पडल्यावर येतो, काही तास बसतो आणि पहाटेपूर्वी जातो. वर तोडणीच्या तोंडावर फवारल्यामुळे औषधाचा अंश फळात राहण्याची भीती. डब्यावरच्या लेबलावर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेलं असतं. तेवढे दिवस भरल्याशिवाय तोडू नका, निर्यातीचा माल असेल तर मुळीच नाही.

आज हातात असलेल्या आंबियाच्या फळांसाठी पुढचे पंधरा दिवस पतंगाकडे लक्ष द्या. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा त्याचा जोराचा काळ. तयार झालेलं फळ झाडावर एक दिवसही जास्त ठेवू नका, पिकलेल्या फळाचा वासच त्याला बोलावतो. गळलेली फळं रोज सकाळी उचला. संध्याकाळी दिवस मावळल्यावर अर्ध्या तासाने दोघांनी बॅटरी घेऊन फिरायचं, कडेच्या ओळींपासून सुरुवात करायची. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावा, पांढऱ्या झोतात ते उडून जातात. पतंगाचे डोळे उजेडात निखाऱ्यासारखे चमकतात, त्यावरून जागा सापडते. फूटभर व्यासाच्या कड्याला मच्छरदाणीचं कापड शिवून केलेली झोळी पुरते. आठ ते अकरा ही वेळ सोडू नका. बागेच्या बाहेरच्या बाजूला जास्त पिकलेल्या केळीचे किंवा पेरूचे काप तारेने टांगले तर काही पतंग तिथे गोळा होतात आणि पकडणं सोपं जातं. वाऱ्याच्या बाजूने ओलसर पाल्याचा धूर सात ते नऊ करण्याची जुनी पद्धत आहे. धुराने फळाचा वास झाकला जातो, पण वारा पडलेला असेल किंवा दिशा बदलली तर ती मेहनत वाया जाते.

प्रकाश सापळ्याचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. सुरसा दिवसा उडणारं फुलपाखरू, ते रात्री दिव्यावर यायचा प्रश्नच नाही. आणि पतंग दिव्यावर झेप घेतो ही म्हण झाली. हा रस पिणारा पतंग दिव्याला फारसा भुलत नाही, त्याला फळाचा वास जास्त ओढतो. सापळ्यात ढीगभर किडे पडलेले दिसतील आणि समाधान वाटेल, पण त्यात तुमचा चोर क्वचितच असेल.

सुरसाचं काम पुढच्या बहाराच्या फुलापासून सुरू होतं. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा बहार धरणाऱ्यांनी हे आत्ताच वाचावं, कारण पावसाळ्यातल्या फळात ती जास्त लागते. एकरात वीस झाडं निवडा, प्रत्येकाच्या चारही बाजूंची फुलं आणि फळं आठवड्यातून एकदा भिंगाने बघा. फुलं निम्मी उमलली की ५ टक्के निंबोळी अर्क मारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मारा. अर्कासाठी पाच किलो निंबोळी पावडर दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणचुरा वेगळा विरघळवून त्यात घाला आणि एकूण पाणी १०० लिटर करा. त्याच दिवशी वापरा, शिळा अर्क कामाचा नाही. तयार औषध घ्यायचं तर १५०० पीपीएमचं अझाडिरेक्टिन लिटरला ३ मिली. ट्रायकोग्रामा चिलोनिस या परोपजीवी माशीची पिल्लं आत असलेली अंडी चिकटवलेली कार्डं एकरी पाच, म्हणजे सुमारे एक लाख अंडी, दहा दहा दिवसांनी चार वेळा लावतात. ही माशी सुरसाच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. कार्ड लावण्याच्या आधी आणि नंतर आठवडाभर रासायनिक फवारणी केलीत तर माशीही मेली आणि पैसेही गेले.

बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची पावडर, लिटरला १ ग्रॅम, अळी फळात शिरण्याआधी पोटात गेली तरच उपयोगी. संध्याकाळी मारा, उन्हात ती लवकर निकामी होते. तेल्यासाठी बोर्डो मारणाऱ्यांनी बीटी त्याच टाकीत मिसळू नये, बोर्डोतल्या चुन्याने आणि मोरचुदाने बीटीचा जोर जातो. आणि शेजारी कुणाची तुतीची बाग असेल तर वाऱ्याची दिशा बघूनच पंप उचला. रेशमाचा किडाही शेवटी अळीच, बीटीला तो वेगळा ओळखू येत नाही.

पिशव्या घालणार असाल तर फळ लिंबाएवढं असताना घाला. आधी मुकुटातले वाळलेले पुंकेसर कात्रीने काढा, अंडं आणि लहान अळी बहुतेक तिथेच सापडते. अंडं तसंच ठेवून पिशवी बांधली तर अळीला आयतं घर मिळतं. तोंड देठाशी आवळा, खालचा कोपरा पाणी निथळायला कापा. पिशवी ढिली असू द्या. फळाला घट्ट चिकटलेल्या पिशवीतून पतंगाची सोंड आरपार जाते, मग सुरसा थांबते पण पतंग थांबत नाही.

किडकी फळं दर तीन-चार दिवसांनी तोडून दोन फूट खोल पुरा किंवा झाकणाच्या ड्रममध्ये पाण्यात बुडवून ठेवा. बांधावर टाकलेल्या फळातल्या कोषातून फुलपाखरू निघतं आणि परत बागेतच येतं. हेच आपल्याकडे सर्वांत जास्त चुकतं. टोचलेलं फळ वरून चांगलं दिसलं तरी क्रेटमध्ये भरू नका. एक फळ आतून सुटलं की शेजारची चार घेऊन जातं.

प्रश्न : रस शोषणाऱ्या पतंगाची अळी गुळवेलीवर वाढते म्हणून बांधावरची गुळवेल काढून टाका असं सांगतात. आमची गुळवेल कडुनिंबावर चढलेली आहे, काढ्यासाठी मुद्दाम जपलेली. खरंच तोडायची का?
— मंगळवेढ्याची एक वाचक

उत्तर : सांगणारे खरं सांगतात. गुळवेल, वासनवेल आणि त्याच कुळातल्या इतर रानवेली हेच त्या अळीचं अन्न. डाळिंब नसलेल्या माळावरसुद्धा हा पतंग असतो तो या वेलींमुळे.

पण पतंग उडायला दमदार आहे, लांबून येतो. तुमची एक वेल तोडून तुमची बाग वाचेल अशी हमी कुणी देऊ नये. वासनवेल कुंपणावर आपोआप माजते, तिचा उपयोगही तुम्ही करत नसाल. ती बागेभोवती ठेवू नका. कडुनिंबावरची गुळवेल ठेवायची असेल तर तिची निगराणी करा. जूनच्या पहिल्या पावसानंतर नवी पालवी फुटते, तेव्हापासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला पानं उलटून बघा. अळी ओळखायला सोपी आहे. मखमली काळपट किंवा तपकिरी, बाजूला डोळ्यासारखे दोन मोठे ठिपके, पुढचा भाग खाली मुडपून आणि शेपटीकडचा उचलून बसते. मोठी झाली की पाच-सहा सेंटीमीटरची होते. चावत नाही, खाजवत नाही. हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. गुंडाळलेली, जाळ्याने चिकटवलेली पानं दिसली तर आत कोष असतो, ती पानंही काढा. काढ्याच्या वेलीवर कीटकनाशक मारायचा विचार मनात आणू नका.

गावातल्या चार-सहा बागायतदारांनी मिळून आपापल्या बांधावरच्या वासनवेली एकाच आठवड्यात काढल्या, तर एकट्याने तोडण्यापेक्षा त्याला अर्थ आहे.

प्रश्न : शाळेच्या आवारात कण्हेर आणि तगर आहे. दोन्हीवर अळ्या आहेत. मुलांना अळीपासून पुढचा प्रवास वर्गात दाखवायचा आहे. यातली फुलपाखराची कोणती, पतंगाची कोणती, आणि पाळायच्या कशा?
— एक शिक्षिका, सोलापूर शहर

उत्तर : नमुने तुम्हाला आयते मिळाले आहेत. कण्हेरीवर दोन वेगळ्या घराण्यांची पिल्लं एकाच ताटात जेवतात. ‘कॉमन क्रो’ हे फुलपाखरू, शास्त्रीय नाव युप्लोइया कोर. आणि कण्हेरीवरचा ससाणा पतंग, डॅफ्निस नेराय. तगरीवर बहुतेक करून दुसराच सापडेल.

कॉमन क्रोची अळी पांढऱ्या-तपकिरी आडव्या पट्ट्यांची, बाजूने नारिंगी रेघ आणि पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या चार जोड्या. ससाणा पतंगाची अळी हिरवीगार, बोटाएवढी जाड, वाढून सात-आठ सेंटीमीटर होते. शेपटीला एक शिंग आणि मानेजवळ निळे-पांढरे दोन डोळे रंगवल्यासारखे. छेडलं की मान आखडून ते डोळे समोर करते. खाली फरशीवर मिऱ्याएवढ्या काळपट हिरव्या लेंड्या दिसल्या की वर ही आहे असं समजा.

कण्हेर विषारी आहे, पान, खोड, चीक सगळंच. मुलांनी फांदी तोडू नये, मोठ्यांनी तोडावी आणि हात साबणाने धुवावेत. उरलेली पानं शेळ्यांच्या वाटेत टाकू नयेत. कॉमन क्रोला मात्र हे विष मानवतं. तो अशा झाडांवर वाढतो आणि पक्ष्यांना बेचव लागतो, म्हणूनच इतका निवांत, संथ उडतो.

तीन ते पाच लिटरची रुंद तोंडाची बरणी घ्या, एकीत दोनच अळ्या. तोंडाला सुती कापड आणि रबर. ज्या झाडावरची अळी त्याच झाडाची पानं द्या. तगरीची अळी कण्हेरीवर हलवलीत तर ती कदाचित उपाशी राहील. डहाळी लहान बाटलीतल्या पाण्यात ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी देठावरून उतरून बुडते. तळाला कागद, रोज बदलायचा. ओल्या विष्ठेला बुरशी येते आणि अळ्या मरतात त्या बहुधा यामुळे. बरणी खिडकीच्या उन्हात नको. सोलापूरचं ऊन श्रावणातही बंद बरणीत जीव घेतं.

पुढे दोघांच्या वाटा फुटतात आणि मुलांना खरं तेच दाखवायचं आहे. कॉमन क्रोची अळी पानाखाली उलटी लटकते, दिवसभरात कात टाकते आणि आत आरशासारखा चकाकणारा सोनेरी-रुपेरी कोष उरतो. आठ-दहा दिवसांत फुलपाखरू. ससाणा पतंगाची अळी अचानक खाणं सोडून बरणीभर धावत सुटते, रंग तपकिरी पडतो. ती आजारी नाही, तिला जमीन हवी असते. त्यासाठी बरणीत आठ-दहा सेंटीमीटर भुसभुशीत, किंचित ओली माती आणि वर वाळका पाला हवा. कोष पाल्याखाली होतो, पतंग दोन-तीन आठवड्यांनी निघतो. तोवर माती वाळू देऊ नका, चिखलही करू नका. घट्ट रेशमी कोसला दोघांपैकी कुणीच विणत नाही, तेव्हा ‘पतंग कोसला करतो, फुलपाखरू करत नाही’ हे फळ्यावर ठाम लिहू नका.

बाहेर येणाऱ्याला चढायला उभी काटकी ठेवाच. पंख लटकवून पसरायला जागा मिळाली नाही तर ते चुरगळलेलेच वाळतात आणि तो जीव कधीच उडत नाही. एखाद्या कोषातून फुलपाखराऐवजी पांढऱ्या अळ्या बाहेर आल्या तर मुलांना हिरमुसू देऊ नका. बाहेर असतानाच परोपजीवी माशीने अळीवर अंडी घातलेली असतात, तुमची चूक नसते. फुलपाखरू सकाळी सोडा, पतंग दिवेलागणीला.

प्रश्न : फुलपाखरू दिवसा, पतंग रात्री, फुलपाखरू रंगीत, पतंग मळकट, एक पंख मिटतं, दुसरा पसरतो. यातली कधीच न चुकणारी खूण कोणती?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, होटगी रोड

उत्तर : तिन्ही चुकतात. तागाच्या शेतात दिवसाढवळ्या पांढरा, लाल-काळ्या ठिपक्यांचा नाजूक जीव भुरभुरताना दिसतो तो युटेथाइसा, पक्का पतंग. उलट ‘कॉमन इव्हनिंग ब्राउन’ हे फुलपाखरू दिवसभर पाचोळ्यात दडून संधिप्रकाशात उडतं, दिव्यावर घरातही येतं आणि अंगाने अगदी वाळकं पान असतं.

मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीचं टोक गदेसारखं फुगलेलं, पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा कंगव्यासारखी. इथेही ससाणा पतंगांची मिशी मध्ये जाड असल्यामुळे फसायला होतं, पण तिचं टोक निमुळतं होत जातं, गाठ होत नाही. मेलेला नमुना हाती असेल तर मागच्या पंखाच्या मुळाशी भिंग लावा. बहुतेक पतंगांत तिथे एक राठ केस किंवा केसांचा झुबका असतो, तो पुढच्या पंखाच्या आकड्यात अडकून दोन्ही पंख एकत्र हलवतो. भारतातल्या फुलपाखरांत असा आकडा नसतो.

एक गोष्ट परीक्षेत विचारणार नाहीत, पण माहीत असावी. फुलपाखरं आणि पतंग मिळून जो कीटकांचा गण होतो त्यात सुमारे १,६०,००० जातींची नोंद आहे आणि त्यात फुलपाखरं १८,००० च्या आसपास. वंशवृक्षावर फुलपाखरं ही पतंगांचीच एक फांदी, वेगळं झाड नव्हे.

प्रश्न : रात्री घरात तळहाताएवढा काळपट पतंग भिंतीवर बसतो. त्याच्या पंखांची पूड डोळ्यात गेली तर माणूस आंधळा होतो असं सासूबाई म्हणतात. लहान मूल घरात आहे.
— अक्कलकोट रोडवरून एक वाचक

उत्तर : पूड म्हणजे पंखांवरचे सूक्ष्म खवले. त्यांनी कुणी आंधळं होत नाही. डोळ्यात गेली तर कचरा गेल्यासारखं चुरचुरतं. चोळू न देता साध्या पाण्याने धुवा, तासाभरात लाली कमी झाली नाही तर डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंची सावधगिरी केसाळ सुरवंटाच्या बाबतीत मात्र शंभर टक्के बरोबर आहे. त्याचे केस कातडीत आणि डोळ्यात रुततात. मुलाला सुरवंट लागला तर चोळू नका. आधी चिकटपट्टी हलक्या हाताने लावून उचला, मग साबणाने धुवा. केस डोळ्यात गेला असेल तर घरी काढायला जाऊ नका, थेट दवाखाना गाठा.

भिंतीवरच्या पतंगासाठी खोलीतला दिवा मालवा, बाहेरच्या व्हरांड्यातला लावा आणि खिडकी उघडी ठेवा. तरीही बसून राहिला तर वरून पेला ठेवा, खालून पोस्टकार्ड सरकवा आणि बाहेर नेऊन सोडा.